झाडांची रात्र किती वाजता होते?

"दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नकोस, झोपलंय ते."

आपल्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य घरी ऐकलंय. फुलं तोडायची तर सकाळी तोडायची, तुळशीची पानं उजेडी खुडायची, रात्री फांदी मोडायची नाही. कुणी याला संस्कार म्हणतं, कुणी अंधश्रद्धा. मला त्या वाक्यात इतिहास दिसतो. कारण ते वाक्य एक गोष्ट गृहीत धरतं: दिवेलागण झाली तरी झाडाला रात्र मिळते. दिवा लागायचा तो घरात, झाड असायचं अंधारात. आज वाईच्या बाजारपेठेत, घाटाच्या पायऱ्यांजवळ, सुरूर फाट्याच्या आसपास उभ्या असलेल्या कितीतरी झाडांना संध्याकाळी सात वाजता जो उजेड मिळतो, तोच पहाटे पाचलाही मिळतो. त्यांची रात्र कधी होते, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

आधी उजेडाचा हिशोब मांडू. रास्त्यांनी १७६२ मध्ये कृष्णेकाठी ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं, पुढे मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि घाट उभा राहिला, त्या काळात रात्रीचा उजेड म्हणजे तेल. समई, पणती, दिवटी, पलिता, मशाल. तेल करंजाचं असो, एरंडाचं असो, करडईचं असो, ते घाण्यावर गाळावं लागायचं आणि त्याला पैसे पडायचे. त्यामुळे दिवा कामापुरता लागायचा आणि काम झालं की शांत केला जायचा. "दिवा विझवला" असंही म्हणायचं नाही, "दिवा मालवला" किंवा "शांत केला" म्हणायचं. पण व्हायचा तो शांत.

आणि जे मोठे उजेड होते तेही पंचांगाला बांधलेले. देवळापुढची दीपमाळ रोज पेटत नसे. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्यांच्या रांगा लागतात, तो देखावा एका रात्रीचा. तेल संपलं की वात आपोआप विझते. म्हणजे आपल्या पूर्वजांनी झाडांचा विचार करून अंधार राखला होता असं अजिबात नाही. तो अंधार गरिबीचा होता, तेलाच्या भावाचा होता. पण झाडाला कारणाशी काय करायचंय? त्याला रात्र मिळत होती, एवढं खरं.

पुढे इंग्रजी अमदानीत रॉकेल आलं. गावोगावच्या नगरपालिकांनी खांबांवर कंदील बसवले, शिडी घेऊन फिरणारा दिवाबत्तीवाला आला. तरी त्या काळी जगभरातल्या अनेक गावांत एक पद्धत होती: चांदण्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावायचे नाहीत, तेवढंच तेल वाचतं. म्हणजे सरकारी दिवासुद्धा चंद्र बघून लागायचा!

आता झाडांकडे वळू. झाड "झोपतं" ही कल्पना फक्त आपल्या आज्ज्यांची नाही. अलेक्झांडरबरोबर आलेल्या अँड्रोस्थेनिस नावाच्या माणसानं, इसवी सनाआधी चौथ्या शतकात, आजच्या बहरीनमध्ये एक झाड पाहिलं. त्याची पानं रात्री मिटायची आणि सकाळी उघडायची. ते झाड चिंचेचं असावं, असं मानलं जातं. आपल्या दारातली चिंच रोज संध्याकाळी तेच करते. नंतर १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक रोपटं अंधाऱ्या कपाटात ठेवलं. त्याला वाटलं असेल, ऊन नाही म्हटल्यावर पानं मिटून राहतील. पण अंधारातही पानं ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. म्हणजे झाडाच्या आत स्वतःचं घड्याळ होतं. बाहेरचा दिवस-रात्र त्या घड्याळाला फक्त रोज वेळ जुळवून देतो.

घड्याळ समजलं, पण कॅलेंडर समजायला आणखी दोनशे वर्षं गेली. आणि ते समजलं ते आपल्या ओळखीच्या दोन पिकांमुळे: तंबाखू आणि सोयाबीन.

अमेरिकेत गार्नर आणि ॲलर्ड नावाचे दोघे सरकारी शेतीखात्यात काम करत होते. त्यांच्याकडे तंबाखूचं एक वाण होतं, मेरीलँड मॅमथ. उन्हाळ्यात ते माणसापेक्षा उंच व्हायचं, पानांवर पानं यायची, पण फूल काही येईना. तेच हिवाळ्यात काचघरात लावलं तर छोटंसं असतानाच फुलायचं. दुसरं कोडं सोयाबीनचं. काही वाणांची पेरणी त्यांनी काही दिवसांच्या अंतरानं पुढे पुढे केली, तरी आधी पेरलेलं आणि नंतर पेरलेलं जवळपास एकाच वेळी फुलायला लागलं. त्यांनी ऊन बघितलं, थंडी बघितली, खत बघितलं, पाणी बघितलं. उत्तर सापडेना. शेवटी जुलै १९१८ मध्ये त्यांनी रोज दुपारी ४ वाजता काही कुंड्या एका अंधाऱ्या खोपटात न्यायच्या आणि सकाळी बाहेर काढायच्या असा उद्योग सुरू केला. भर उन्हाळ्यात त्या झाडांना लांब रात्र मिळाली आणि ती फुलली. बाहेरची तशीच राहिली. १९२० मध्ये त्यांनी हे छापलं. दिवस केवढा आहे यावरून झाड ऋतू ओळखतं, ही गोष्ट तेव्हा जगाला नीट कळली. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत याला "दीप्तिकालिता" म्हणतात. विश्वकोशाच्या गावात राहतो आपण, एवढा एक जड शब्द चालून जावा.

पण खरी गंमत १९३८ मध्ये झाली. हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या तणावर प्रयोग केले. काटेरी बोंडं असलेलं, धोतराला आणि गुरांच्या शेपटीला चिकटणारं हे तण आपल्याही पडीक रानात माजतं. त्याला पुरेशी लांब अशी एकच रात्र मिळाली तरी ते फुलायच्या वाटेला लागतं. या दोघांनी दिवसाच्या मधे थोडा वेळ अंधार करून बघितला, काही फरक पडला नाही. मग रात्रीच्या मधोमध काही मिनिटं दिवा लावला. फुलणं थांबलं! म्हणजे झाड दिवस मोजत नव्हतं, रात्र मोजत होतं. आणि ती रात्र अखंड हवी. मधे कुणी दिवा लावला की झाडाच्या लेखी मोजणी मोडली.

हे कसं होतं? पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. त्याची दोन रूपं. लाल प्रकाश पडला की ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू परत येतं. अमेरिकेतल्याच शेतीखात्याच्या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात त्याचा छडा लावला. हे रंगद्रव्य आणि आतलं घड्याळ मिळून झाडाला सांगतात की रात्र किती लांबली, म्हणजे आता कुठला महिना चालू आहे. त्यासाठी ऊन लागत नाही. अन्न तयार करायला जेवढा प्रकाश लागतो त्याच्या मानानं अगदी किरकोळ प्रकाश पुरतो. भर दुपारी लाखभर लक्स प्रकाश असतो. पौर्णिमेचं चांदणं पाव-अर्ध्या लक्सच्या आतलं. रस्त्याच्या दिव्याखाली दहा-वीस लक्स सहज भरतात. म्हणजे खांबाखालचं झाड रोज रात्री पौर्णिमेच्या कितीतरी पट उजेडात उभं असतं, अमावस्येलासुद्धा.

आता हे वाईत कुठे दिसतं? दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन काढणीला येतं, तेव्हा रस्त्याकडेच्या रानात बघा. मी गेली काही वर्षं मुद्दाम बघतोय. सगळं रान पिवळं पडलेलं, पानं गळलेली, शेंगा खुळखुळणाऱ्या. आणि खांबावरच्या दिव्याखाली तेवढा एक अर्धगोल हिरवागार, पानं शाबूत, शेंगा कोवळ्या. शेतकऱ्याला विचारलं तर म्हणतो, "तिथं खत जास्त पडलं असंल," नाहीतर "चारीची ओल हाय." खत नाही, ओल नाही. सोयाबीनला लांब रात्र हवी होती, ती तेवढ्या तुकड्याला मिळाली नाही. त्याच्या कॅलेंडरात अजून श्रावणच चालू आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रस्त्यांच्या दिव्यांचा नेमका हाच अभ्यास झालाय. दिव्याच्या उजेडातलं सोयाबीन तिथे कित्येक आठवडे उशिरा पक्व झालं. तिथे दिवा कसा, किती आणि कुठे लावावा, याचा विचार त्यावरून सुरू झाला.

आपल्याकडे हा तुकडा एक-दोन गुंठ्यांचा असेल. पण मळणीला सगळं एकत्र जातं. हिरव्या शेंगांची ओल पोत्यात येते आणि बाजारात ओलीला कपात लागते, हे कुणाला सांगायला नको.

इथे अजून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लंडनमध्ये उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस आणि हिवाळ्यातला सर्वांत छोटा दिवस यांच्यात आठ तासांहून जास्त फरक असतो. वाई साधारण १८ अक्षांशावर. आपल्याकडे जूनमधला मोठा दिवस तेरा तासांहून थोडा जास्त, डिसेंबरमधला छोटा अकरा तासांच्या आसपास. वर्षभराचा फरक जेमतेम दोन तासांचा. उष्ण प्रदेशातली काही झाडं अर्ध्या तासाच्या फरकावर फुलायचं ठरवतात. त्यांना एवढी बारीक मोजणी करावीच लागते. ज्याची तागडी सोनाराची आहे, त्याच्या पारड्यात मूठभर खडे टाकल्यासारखा हा रात्रीचा उजेड आहे.

ऊसवाल्यांना हे वेगळ्या नावानं माहीत आहे. पावसाळा सरता सरता रात्री लांबतात आणि उसाला तुरा येतो. तुरा आला की वाढ थांबते, ऊस राहिला तर पोकळ पडत जातो. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात, १९३२ पासूनचं. तुरा कुठल्या वाणाला लवकर येतो, कुठल्याला उशिरा, हे ऊस पैदास करणाऱ्याला बघावंच लागतं. हवाई बेटांवर तर रात्री मधेच प्रकाश टाकून उसाचा तुरा रोखण्याचे प्रयोग झाले. पॉलिहाऊसमध्ये शेवंती करणारे शेतकरी रात्री दिवे लावून फुलणं लांबवतात आणि दांडा पुरेसा वाढला की काळा कागद ओढून रात्र लांब करतात. ड्रॅगन फ्रूटच्या काही बागांत हिवाळ्यात दिवे लावून अवेळी फुलं आणतात. म्हणजे रात्रीचा उजेड झाडाला हलवतो हे आपल्याच भागातल्या शेतकऱ्याला पाठ आहे. तो त्याचे दिवस मोजतो, तास मोजतो, बिल भरतो. औषधासारखा डोस देतो. रस्त्यावरच्या झाडाला मात्र आपण तेच औषध बेहिशोबी, वर्षाचे ३६५ दिवस पाजतोय.

इथे कुणी म्हणेल, मग काय कंदिलाच्या काळात परत जायचं? अजिबात नाही. आणि हे वाईकरांना तर कुणी शिकवायलाच नको. मुंबईत १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले, १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं. पण ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. खेड्यापाड्यात, वाडीवस्तीवर वीज पोचायला स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षं गेली. आपल्याच जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कोयनेचं धरण झालं, १९६२ मध्ये तिथे वीज तयार व्हायला लागली, आणि त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले. त्यासाठी या जिल्ह्यातली गावं पाण्याखाली गेली. ज्यांची घरं गेली त्यातल्या अनेकांकडे वीज नंतर, खूप नंतर आली.

आणि २००४ चा "स्वदेस" आठवा. शूटिंग आपल्या मेणवलीत. गोष्ट कशाची? विजेचीच. ओढ्याच्या पाण्यावर वीज तयार होते, म्हातारीच्या घरात बल्ब लागतो आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. तो प्रसंग बघताना ज्याचा घसा दाटला नाही असा माणूस मला भेटलेला नाही. तो बल्ब खरा आहे. अंधारात साप चावून मेलेली माणसं, रात्री एकटीनं घरी येणारी मुलगी, पसरणीच्या घाटात वळणावर गाडी घेणारा ड्रायव्हर, बिबट्याच्या भीतीनं दार लावून बसलेली वस्ती, या सगळ्यांना उजेड हवाच. माझं भांडण दिव्याशी नाही. दिवा कुणासाठी लागतो, कुठे पडतो आणि कधी मालवतो, एवढाच प्रश्न आहे.

शहरातल्या दिव्यांचा झाडांवर परिणाम होतो, ही नोंदही जुनीच. न्यूयॉर्कमध्ये एडविन मॅट्झके नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये लिहिलं की रस्त्याच्या दिव्याजवळच्या काही झाडांची पानं शिशिरात उशिरापर्यंत टिकून राहतात. म्हणजे आपण नवी काही तक्रार करत नाही, नव्वद वर्षांपूर्वीची आहे. अलीकडे आकडे आले. ब्रिटनमध्ये २०१६ च्या अभ्यासात उजळ भागातल्या झाडांना साडेसात दिवसांपर्यंत आधी पालवी फुटलेली आढळली. अमेरिकेतल्या शहरांवरच्या २०२२ च्या अभ्यासात सरासरी ९ दिवस आधी पालवी आणि ६ दिवस उशिरा पानांचा रंगबदल, असं निघालं.

ते आकडे जसेच्या तसे वाईला चिकटवायचे नाहीत, हेही सांगतो. तिकडे पानगळ थंडीची असते. आपल्याकडे ती मुख्यतः पाण्याच्या ताणाची. पळस, सावर, पांगारा उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात ती पाणी वाचवायला. नुसत्या दिव्यानं आपल्या झाडांचं सगळं वेळापत्रक कोसळतं, असं म्हणणं खोटं ठरेल.

पण रात्रीच्या उजेडाची दुसरी बाजू आपल्याला थेट लागू आहे. ती म्हणजे पाहुण्यांची.

प्राजक्त, रातराणी, निशिगंध, मोगरा, जुई. वाईच्या वाड्यांच्या परसात हे सगळं होतं, अजून काही ठिकाणी आहे. प्राजक्ताचं फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि पहाटे खाली पडतं. पांढरा रंग, लांबट नळी, रात्रीचा दरवळ. हा सगळा सरंजाम देवासाठी नाही, आपल्यासाठी तर नाहीच. तो रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे. ते पतंग दिव्याभोवती घिरट्या घालून तिथेच थकून मरतात, नाहीतर उजेडाच्या जागा टाळतात. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ मध्ये अंधाऱ्या कुरणांत एलईडी दिवे लावून प्रयोग केला. उजेडातल्या फुलांवर रात्रीचे पाहुणे ६२ टक्क्यांनी घटले. दिवसा मधमाश्या येत होत्याच, तरी त्या झाडाची फळधारणा १३ टक्के कमी झाली. दिवसपाळीनं रात्रपाळीची भरपाई झाली नाही.

दुसरे पाहुणे वटवाघळं. आपल्या घाटावरचे पिंपळ, वाड्याच्या भिंतीतून उगवणारे उंबर, सुरूर-वाई रस्त्याचे वड. यातली कितीतरी झाडं कुणा माळ्यानं लावलेली नाहीत, पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी टाकलेल्या बियांची आहेत. कोस्टारिकातल्या फळखाऊ वटवाघळांवरचा २०१४ चा प्रयोग सांगतो की उजेडातलं फळ ती कमी खातात, अंधारातलं पसंत करतात. झाड फुललं, फळलं, पण गिऱ्हाईकच फिरकलं नाही तर पुढची पिढी कुठून येणार?

आता एलईडीबद्दल. ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारनं रस्त्यांच्या दिव्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि देशभर पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. वीज वाचली, बिल कमी झालं, रस्ता नीट दिसायला लागला. हे सगळं खरं. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं "एलईडी म्हणजे झाडांचा काळ" हे मात्र तितकंसं खरं नाही. १९७५ मध्ये कॅथी आणि कॅम्पबेल या दोघांनी पाच प्रकारचे दिवे २२ जातींच्या शोभेच्या झाडांवर लावून बघितले. झाडाची रात्र मोडण्यात सगळ्यात पुढे कोण निघाला? आपला जुना, साधा, तांबूस बल्ब! दुसरा नंबर सोडियमचा. सगळ्यात मागे पाऱ्याचा निळसर दिवा. कारण फायटोक्रोमला लाल रंग कळतो. उलट कीटकांना पांढरा-निळसर प्रकाश जास्त खेचतो. म्हणजे एक रंग पतंगांना वाईट, दुसरा झाडाच्या कॅलेंडरला. रंग बदलून पूर्ण सुटका नाही.

एलईडीनं खरा बदल केला तो पैशाच्या हिशोबात. दिवा स्वस्त झाला, म्हणून मालवायचं कारणच उरलं नाही. तेलाच्या काळात दर घटकेचा खर्च दिसायचा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत आपण घामाघूम होऊन शिव्या घातल्या, पण झाडांना मात्र फुकटात रात्र मिळून गेली. आता दिवे वाढतायत, तास वाढतायत. जगभरातल्या सामान्य लोकांनी आकाशातल्या ताऱ्यांच्या ज्या नोंदी केल्या, त्यावरून २०२३ मध्ये हिशोब निघाला की आकाशाचा उजेड वर्षाला साधारण १० टक्क्यांनी वाढतोय. म्हणजे आज पहिलीत असलेलं पोर कॉलेजात जाईपर्यंत तो दुपटीच्या पुढे जाईल.

आणि मग सुशोभीकरण. हा शब्द आला की मला धडकी भरते. रस्त्याला दिवा लागतो माणसासाठी. पण झाडाच्या खोडाला तळापासून फांदीपर्यंत माळा गुंडाळायच्या, बुंध्याशी हिरवा-जांभळा फोकस ठेवून वर मारायचा, हे कुणासाठी? आमच्या भागातल्या एका पिंपळावर सणाला माळा चढल्या, सण गेला, माळा राहिल्या. वायर बांधायला ठोकलेले खिळे खोडात रुतले. विचारलं तर उत्तर मिळालं, "छान दिसतंय की!" दिसतं छान, नाही कोण म्हणतंय?

यावर कायदा आहे. १९७५ चा, महाराष्ट्राच्या नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा. त्यात "झाड तोडणे" याच्या व्याख्येत नुसती कुऱ्हाड नाही, झाड जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला. वाईत अशी झाडं किती असतील, मोजा. ठाण्यातल्या एका कार्यकर्त्यानं झाडांवरच्या रोषणाईविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं राज्य सरकारला आणि महापालिकांना नोटिसा काढल्या. त्यानंतर मुंबई महापालिकेनं झाडांवरच्या माळा उतरवायला घेतल्या. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याच राज्यातलं पेंच देशातलं पहिलं "डार्क स्काय पार्क" ठरलं. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढले नाहीत, बदलून खाली वळवले. गावात उजेड राहिला, आकाशात अंधार राहिला. फ्रान्समध्ये तर २०१३ पासून इमारतींच्या दर्शनी भागावरची रोषणाई रात्री १ नंतर बंद ठेवायचा नियम आहे. कुणी फ्रान्सला मागासलेलं म्हटल्याचं ऐकलं नाही.

मला वाटतं, वाईला जमण्यासारख्या चार गोष्टी आहेत.

एक. झाडांना माळा गुंडाळणं बंद. सणाला घाट उजळायचाय ना, पायऱ्यांवर उजळा, दीपमाळेवर उजळा. कृष्णाबाईच्या उत्सवात मांडव उजळा. सण संपला की दुसऱ्या दिवशी उतरवा.

दोन. रस्त्याचा दिवा रस्त्यावर. दिव्याला वरून टोपी, तोंड खाली, फांदीच्या आत घुसलेला दिवा फांदी तोडण्याऐवजी खाली घ्या. फांदीही वाचते आणि रस्त्यावर उजेडही जास्त पडतो. यात झाडाचं आणि माणसाचं हित एकच आहे.

तीन. देऊळ, घाट, पुतळा, कमान यांच्यावरचे फोकस रात्री अकरानंतर बंद. बघायला कुणी नसतं. टायमर लावायला फार खर्च येत नाही. चौकातले, स्टँडवरचे, दवाखान्याकडच्या रस्त्याचे दिवे रात्रभर राहू देत, त्याला हात लावायचा नाही.

चार. सुरूर रस्त्याच्या वडांचा विषय रुंदीकरणाच्या प्रत्येक चर्चेत वर येतो आणि येणारच. त्या चर्चेत आपण फक्त "झाड राहणार की जाणार" एवढंच विचारतो. राहिलं तर त्याच्या डोक्याशी किती उंचीचा, किती ताकदीचा खांब येणार, हेही त्याच बैठकीत विचारायला हवं. वड वाचवला आणि त्याची रात्र काढून घेतली, तर आपण निम्मंच काम केलं.

आपल्या गावानं नद्या, घाट, देवळं, ग्रंथ यांच्या नोंदी ठेवल्या. कुठला घाट कुणी बांधला, कुठला उत्सव कुठल्या आळीचा, हे इथलं पोर सांगतं. झाडांच्या नोंदी मात्र कुणी ठेवल्या नाहीत. म्हणून एक काम सगळ्यांना सांगतो, शाळेतल्या पोरांनाही जमेल असं. तुमच्या गल्लीतलं एक झाड निवडा, दिव्याखालचं. त्याच जातीचं दुसरं निवडा, अंधारातलं. पालवी कधी फुटली, फूल कधी आलं, पानं कधी गळली, तारीख वहीत लिहा. सोयाबीनवाल्यांनी खांबाखालचा हिरवा तुकडा पावलांनी मोजून ठेवा. दोन-तीन वर्षांच्या वह्या जमल्या की ठरावाच्या बैठकीत "छान दिसतंय की" या वाक्याला उत्तर द्यायला आपल्याकडे आपल्याच गावच्या तारखा असतील.